आमच्या फियाटचे हृदयपरिवर्तन

आमच्या मालकीची मोटार एक आणि इंजिने दोन. एक मोटारीत आहे. दुसरे लालबागच्या एका गाळ्यात, ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळलेले, पंचवीसहून अधिक वर्षे पडून होते. नवखा माणूस हे ऐकतो तेव्हा त्याला वाटते, काय ही श्रीमंती! खरी हकीकत अशी, की हे दुसरे इंजिन हा आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणाचा ऐवज आहे. आणि यंदाच्या पावसाळ्यात ते भांडण पुन्हा उकरून निघाले.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, डॉक्टर होते. राहायचे दादरला, दवाखाना लालबागला. १९६५ साली त्यांच्या नावाची फियाट डिलाइट आली. ‘आली’ म्हणायचे, ‘घेतली’ नव्हे. कारण त्या काळी मोटार नोंदवल्यावर ती येण्याची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागे. तोवर मुलगा इंग्रजी शाळेत जायचा, मग कॉलेजात, आणि मोटार आपली कुर्ल्यालाच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा हा कुर्ल्याचा कारखाना. १९४७ पासून तिथे डॉज, प्लिमथ जुळवल्या जात, १९५१ साली लहानगी फियाट ५०० आली आणि १९५४ साली फियाट ११००. तिच्या गोलमटोल पाठीमुळे मुंबईकरांनी तिचे ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले, आणि नाव ठेवण्यात मुंबईकराचा हात कोण धरणार! डिलाइट १९६४ ची. तिचीच वंशवेल पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने वाढली आणि काळ्या-पिवळ्या रंगात सबंध शहरावर पसरली.

पुढे बाकासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. त्या बाकावर अण्णा, आई आणि मध्ये मी अशी आमची सगळी सहले झाली. अण्णांच्या बॅगेत स्टेथोस्कोप असे आणि गाडीच्या खणात आईच्या जुन्या लुगड्याचे एक फडके. ते फडके ज्यांना ठाऊक आहे त्यांना फियाट ठाऊक आहे. मे महिन्यात घाट चढताना किंवा भायखळ्याच्या गर्दीत गाडी अचानक आचके देऊन बंद पडे. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला पेट्रोलपंप इतका तापे की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि तो पंप द्रव खेचणारा, वाफ त्याला उचलत नाही. मग बॉनेट उघडायचे, फडके पाण्यात भिजवून पंपावर टाकायचे आणि दहा मिनिटे रस्त्याच्या कडेला गप्पा मारायच्या. अण्णा म्हणत, “ताप आलाय. कपाळावर घडी ठेवा, उतरेल.” आणि उतरे.

तीस वर्षे गाडीने अण्णांची व्हिजिटे केली. १९९६ साली मात्र तिने हात टेकले. निळा धूर निघू लागला, आठवड्याला ऑइल घालावे लागे, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की ऑइलच्या दाबाचा लाल दिवा डोळे वटारी. तोवर अण्णांनी दवाखाना बंद केला होता. गाडी मी चालवीत होतो.

गाडी घेऊन मी लालबागला आमच्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री मूळचे कणकवलीकडचे, एका मिलमध्ये मेंटेनन्स खात्यात फिटर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि पुष्कळांना परत आत जाता आलेच नाही. त्यांतले हे एक. मसाल्याच्या गल्ल्यांजवळ एक गाळा मिळवून त्यांनी मोटारदुरुस्ती सुरू केली. गाळ्यात पाऊल टाकले की आधी मिरचीचा ठसका आणि मग ग्रीसचा वास. संपाच्या त्या काळात अण्णांच्या दवाखान्यात एक वही असे. त्या वहीत पैसे लिहिले जात, पण पुढे कधी कुणाकडे मागितले जात नसत. मिस्त्रींच्या घरचे पान त्या वहीत बरेच भरलेले होते, हे मला फार उशिरा कळले.

मिस्त्रींनी इंजिन उघडून पाहिले. क्रँक आधीच दोनदा ग्राइंड झालेला, आता शेवटच्या अंडरसाइजला आला होता, बोअर झिजलेले. ते म्हणाले, “भाऊ, सरळ रस्ता सांगतो. पद्मिनीचं इंजिन टाकू. सख्खं भावंड आहे. आहे त्या फाउंडेशनवर बसेल, दोन दिवसांचं काम.”

वाचकांना हात जोडून सांगतो, की तुमच्यावर अशी वेळ आली आणि असा सरळ रस्ता दाखवणारा माणूस भेटला तर त्याचे ऐका. मी ऐकले नाही. माझ्या डोक्यात भलताच किडा होता. १९८५ साली प्रीमियरनेच ११८ एन.ई. नावाची गाडी काढली होती. तिचा सांगाडा फियाट १२४ या जुन्या गाडीच्या घाटाचा, आणि पोटात निस्सानचे ए-१२ इंजिन. म्हणजे जुन्या अंगात नवा जीव घालण्याचा जो उद्योग गल्लीबोळांत चालतो, तो कारखान्यानेच करून दाखवला होता. हे इंजिन ११७१ घनसेंटिमीटरचे. आकडा पाहिला तर फियाटच्या इंजिनाहून फारसे मोठे नाही. पण फियाटचा क्रँक तीन बेअरिंगांवर फिरतो, याचा पाच. पाच पायांच्या पलंगावर निजल्यासारखा तो स्वस्थ फिरे आणि घाटात कुरकुर करीत नसे. अपघातात चेपलेली अशी एक गाडी कुर्ल्याच्या भंगार बाजारात उभी होती. तिचे इंजिन गिअरबॉक्ससकट शाबूत आहे, हे मी पाहून आलो होतो आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती.

अशी हृदये बदलण्याचा धंदा मुंबईला नवा नव्हता. पेट्रोलचे भाव १९७३ नंतर कडाडले तेव्हा ज्यांच्या दारात डॉज, शेव्हरले असले अमेरिकन हत्ती झुलत होते, त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मग कुणी त्यात पर्किन्सचे डिझेल इंजिन घातले, पुढे कुणी टेम्पो मेटाडोरचे. मेटाडोरचे इंजिन मर्सिडिझ-बेंझच्या आराखड्यावरचे असल्यामुळे, आपल्या गाडीत मर्सिडिझचे इंजिन आहे असे सांगणारे महाभागही होते, आणि ते अगदीच खोटे म्हणता येत नसे. दार्जिलिंगजवळ संदकफूच्या चढावर ज्या जुन्या लँडरोव्हर चालतात, त्यांतल्या कित्येकींत महिंद्राची डिझेल इंजिने आहेत. हिंदुस्थान मोटर्सने अँबेसिडरमध्ये इसुझूचे इंजिन बसवले. मग आमच्या डिलाइटनेच काय पाप केले होते?

हा सगळा युक्तिवाद मी अण्णांपुढे मांडला. ते पेपर वाचीत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “अडुसष्ट साली इथं आपल्या के.ई.एम.मध्ये डॉक्टर सेनांनी हृदय बदललं होतं.”

ही गोष्ट खरी आहे. १९६७ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय पहिल्यांदा बदलले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हिंदुस्थानातली पहिली तशी शस्त्रक्रिया केली. साऱ्या परळ-लालबागात तेव्हा त्याचीच चर्चा होती म्हणतात. रोगी काही तासच जगला.

“शस्त्रक्रिया उत्तम झाली होती,” अण्णा म्हणाले. “पण शरीर परक्याला सहज घरात घेत नाही. तुझी गाडी आहे, तू ठरव.”

गाडी त्यांची होती. ‘तुझी’ म्हणाले तेव्हाच मी समजायला हवे होते.

काम सुरू झाले आणि दोन दिवसांचे सहा आठवडे झाले. नवे इंजिन आत उतरवले तर त्याचे ऑइल चेंबर खालच्या आडव्या तुळईवर टेकले. मग चेंबर कापून, त्याची खोली पुढची मागे सरकवून पुन्हा वेल्ड केले. फाउंडेशनचे पाय जाड पत्र्याचे नवे घडवले. नव्या गिअरबॉक्सचा दांडा जमिनीतून वर येणारा, म्हणून गाडीच्या तळाला भोक पाडावे लागले. ते भोक पाडताना पत्र्यावर करवत चालली त्या दिवशी अण्णा नेमके पेन्शनच्या कामाने परळला आले होते आणि गाळ्यात डोकावले. एक शब्द बोलले नाहीत. बसने घरी गेले. त्यानंतर तब्बल वर्षभर ते त्या गाडीत बसले नाहीत. देवळात जायचे तर चालत, गिरगावात मामाकडे जायचे तर बसने. आई बिचारी मधल्या मध्ये. “अहो, गाडी आहे ना,” म्हणाली की, “तुम्ही जा, मला चालायला सांगितलंय,” असे उत्तर. सांगितले कुणी, तर त्यांनीच.

कागदपत्रांचे एक सांगून ठेवतो. इंजिन बदलले की त्याचा क्रमांक बदलतो, आणि नोंदपुस्तकातला क्रमांक व गाडीतला क्रमांक जुळला नाही तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने संशयित. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येत नाही. मी आधी अर्ज केला, भंगारातल्या इंजिनाची पावती जोडली, ताडदेवला गाडी दाखवली, क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, आणि मग विमा कंपनीला कळवले. हे कंटाळवाणे आहे, पण न करणारे लोक पुढे अपघाताच्या वेळी डोक्याला हात लावून बसलेले मी पाहिले आहेत.

गाडी रस्त्यावर आली आणि दुखणी सुरू झाली. पहिले दुखणे तापाचे. परळ टी.टी.च्या गर्दीत काटा लालावर, आणि वरळीच्या समुद्रकिनारी तोच काटा शहाण्यासारखा खाली. मिस्त्रींनी हे ऐकले मात्र, लगेच म्हणाले, “वाऱ्याचा रोग आहे, पाण्याचा नाही.” उभ्या गाडीत तापते आणि पळत्या गाडीत निवते, तर रेडिएटरमधून हवा ओढली जात नाही, उलट पळताना तापते आणि उभी असताना ठीक, तर पाणी फिरत नाही. हे नवे इंजिन आखूड. त्याचा पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे राहिला होता आणि इकडची तिकडची हवा ढवळीत होता. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून पंख्याभोवती गोल कोंडाळे करून घेतले. ताप उतरला.

दुसरे दुखणे कंपाचे. पन्नासच्या वेगाला सबंध गाडी थरथरे, आरशात मागचा ट्रक दोन दिसे. माझा संशय इंजिनाच्या पायांवर. मिस्त्री शेजारी बसले, सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर गाडी पन्नासला नेली आणि म्हणाले, “आता न्यूट्रल करा.” इंजिन मंद झाले, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष, रोग गिअरबॉक्सच्या मागे. चाके अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. राहिला प्रोपेलर शाफ्ट. नवा गिअरबॉक्स लांबीला वेगळा, म्हणून शाफ्टच्या नळीचा तुकडा कापून ती पुन्हा वेल्ड केली होती. मिस्त्री गाडीखाली गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते स्वतःच्याच थोबाडीत मारीत.

“मिलमध्ये इतकी वर्षं शाफ्ट लावले, भाऊ, आणि इथं शेण खाल्लं!”

चूक अशी होती. शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट असतात. वाकडेपणाने फिरणारा जॉइंट प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला दोनदा पुढे ढकलतो आणि दोनदा मागे ओढतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेच उलट करून हिशेब चुकता करतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत. वेल्डिंग करताना एक फोर्क बोटभर फिरला होता. नवराबायकोने एकाच वेळी रागावण्यासारखे झाले. एकाने तरी थांबावे लागते. परळच्या लेथवर नळी पुन्हा कापली, रेघ आखून जुळवली, आणि गाडी पन्नासला काय, सत्तरलाही शांत चालू लागली.

तिसरे दुखणे मात्र आम्हाला पुरून उरले.

१९९७ चे गणपती. गौरीच्या जेवणाला आई, मी, आमची मंडळी असे गिरगावात मामाकडे गेलो. अण्णा अर्थातच बसने आले. जेवणे झाली, निघालो, चावी फिरवली तर स्टार्टर ‘घर्र... घ...’ करून गप्प. चाळीतली पोरे हौसेने धावली, ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत गाडी ढकलली, ती चालू झाली. अण्णा बसथांब्यावर उभे राहून हे सगळे पाहात होते. त्यांचा चेहरा मी मुद्दामच पाहिला नाही.

पुढे हे रोजचे झाले. बॅटरी नवी घातली. चार दिवस बरे, पुन्हा तेच. स्टार्टर मोटर काढून तिचे कार्बन बदलले, मग वायंडिंग नवे केले. बॅटरीच्या दोन्ही तारा घासूनपुसून लावल्या. मिस्त्री रोज नवा संशय काढीत आणि मी रोज नवी नोट. शेवटी आईने एका रात्री जेवताना सांगून टाकले, “विकून टाका ती. घरात दोन माणसं तिच्यापायी बोलत नाहीत.”

अण्णांनी ताटातला भात कालवता कालवता विचारले, “दुखणं कधीपासूनचं?”

वर्षभरात गाडीविषयी त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, “इंजिन बदलल्यापासून.”

“नीट सांग. पहिल्या दिवसापासून?”

“नाही. पहिले सात-आठ महिने ठीक होती. श्रावणापासून.”

“श्रावणाच्या आधी काय केलं होतंस?”

“काही नाही.”

“काही नाही असं पेशंट नेहमी सांगतो. आठव.”

आठवता आठवता निघाले. सायलेन्सरचा पाइप ज्या लोखंडी पट्टीने गाडीच्या तळाला बांधला होता, ती खडखड करी, म्हणून मी ती काढून मध्ये रबर घातले होते. अण्णा काही बोलले नाहीत. हात धुतले, लेंग्यावर तसेच खाली उतरले, बॅटरी हातात देऊन मला बॉनेट उघडायला लावले. म्हणाले, “आईला चावी फिरवू दे.” आईने जन्मात गाडीची चावी फिरवली नव्हती, तिने देवाचे नाव घेऊन फिरवली. स्टार्टर कण्हत होता आणि अण्णा, रोग्याचे पोट चाचपावे तसे, इंजिनावरून हात फिरवीत होते. एकदम हात झटकला.

“हे बघ. इथं भाजतंय.”

चोकची तार! बोटाएवढी बारीक तार, स्टार्टर मारताना इस्तरीसारखी तापली होती.

सकाळी मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते मटकन स्टुलावर बसले. मग उठून कोपऱ्यातले गोणपाट सोडले. आत आमचे जुने इंजिन, आणि त्याच्या गिअरबॉक्सला बोल्टने घट्ट लावलेली, विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी. अर्थिंगची पट्टी!

उलगडा साधा आहे. बॅटरीची एक तार स्टार्टरला जाते, दुसरी गाडीच्या बॉडीला. स्टार्टरमधून गेलेली वीज इंजिनातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परत यायला हवी. पण इंजिन बसलेले असते रबरावर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ही पट्टी. जुने इंजिन काढताना ती त्याच्याबरोबरच गेली आणि नव्याला लावायची राहिली. तरी आठ महिने काम चालले, कारण सायलेन्सरच्या लोखंडी पट्टीतून वीज परतत होती. खडखड नको म्हणून मी तिथे रबर घातले आणि तिची वाट बंद केली. मग बिचारी चोकच्या तारेतून, मिळेल त्या सांदीतून, घुसमटत घरी जाऊ लागली.

मिस्त्रींनी आधी एक जाड तार इंजिन आणि बॉडी यांच्यावर नुसती धरली. मी चावी फिरवली. पहिल्या फेऱ्यात इंजिन चालू! मग ती जुनी पट्टी घासून लावली. दोन बोल्ट, दहा मिनिटे. बॅटरी, कार्बन, वायंडिंग यांवर मी किती घालवले, तो आकडा आमच्या घरात अजून कुणाला सांगितलेला नाही.

घरी येऊन सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले, “म्हणजे शरीरानं स्वीकारलं होतं. रक्तवाहिनी जोडायला तुम्हीच विसरलात.” आणि संध्याकाळी शिवाजी पार्कला जायला निघाले तेव्हा जिन्यात थांबून, “गाडीनं सोडतोस का?” म्हणाले. बसल्यावर त्यांचा डावा हात सवयीने स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा शोधीत आला, रिकाम्या हवेत थबकला आणि मांडीवर परत गेला. पेट्रोलपंपाचे फडके कुठे आहे, असे त्यांनी विचारले. होते, खणातच होते.

जुने इंजिन भंगारात घालावे असे मी म्हणत होतो. मिस्त्री घालू देईनात. मजुरी तर त्यांनी घेतलीच नव्हती. सामानाचे पैसे घेतले तेवढेच. फार आग्रह केला तेव्हा वहीतल्या त्या पानाविषयी बोलले, आणि पुढे मी विषय काढला नाही.

अण्णा २००६ साली गेले. प्रीमियरचा कारखाना त्याआधीच थंडावला होता. जुन्या टॅक्सी २००१ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिकीत सिलिंडर घेऊन सीएनजीवर चालू लागल्या होत्या आणि उतारूंच्या वळकट्या टपावर गेल्या होत्या. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची होऊन २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात आमच्या गाडीला रस्त्यात अनोळखी लोक हात करीत होते. ती टॅक्सी नाही, पांढरी आहे, हे त्यांना दिसत होते. तरी करीत होते.

आता यंदाचे भांडण. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले. आमचे चिरंजीव पुण्याला असतात; ते नियमांची प्रत घेऊनच आले. आमची गाडी वयाने पात्र. आधी नोंदलेली असल्याने जुना क्रमांकही राहील. पण अट अशी, की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे निस्सान काढायचे, तळाचे भोक बुजवायचे, दांडा पुन्हा स्टिअरिंगखाली आणायचा आणि गोणपाटातले इंजिन परत त्याच्या जागी! “आजोबांचीही हीच इच्छा होती,” असे म्हणून त्याने माझ्या वर्मावर बोट ठेवले.

मी सगळे नियम चष्मा लावून वाचले. विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच. म्हणजे दादरच्या बाजारात फुले आणायला नाही, गिरगावात मामेभावाकडे गौरीला नाही. मी म्हणालो, मी चालवतो आहे तोवर ती बाजारात जाईल. अण्णांनी ती व्हिजिटांसाठी घेतली होती, झाकून ठेवायला नव्हे. चिरंजीव दोन दिवस घुश्शात होते. या घराण्यात गाडीवरून घुश्शात जायची परंपराच आहे. तिसऱ्या दिवशी तडजोड निघाली: माझ्यामागे त्याने काय हवे ते करावे, मात्र तेव्हा इंजिन तयार असावे, म्हणून ते आताच दुरुस्त करायचे.

मिस्त्री आता पंच्याहत्तरीला आले आहेत. हात कापतो, म्हणून पाने पुतण्या फिरवतो आणि ते स्टुलावरून सांगतात. पावसाळ्यात इंजिन उघडले. ब्लॉक ठणठणीत, एक बोअर पुढे नेऊन पिस्टन बसतील. क्रँक मात्र त्यांनी तेव्हा म्हटले होते तसाच, शेवटाला आलेला. पद्मिनीचा एक चांगला क्रँक कुर्ल्याहून मिळाला. ब्लॉक तोच, म्हणून क्रमांकही तोच राहिला. पंपाला नवी घडी लावली, कार्बोरेटर धुतला, आणि लोखंडी स्टँडवर इंजिन उभे केले.

दसऱ्याला आम्ही गाडीनेच गाळ्यावर गेलो. बाहेर गाडीला झेंडूचा हार, आत स्टँडवरच्या इंजिनाला हार, दोघांपुढे नारळ. चिरंजीवांनी बॅटरी आणून ठेवली, तारा लावल्या आणि बटणाकडे हात नेला. मिस्त्रींनी स्टुलावरून हात वर केला.

“थांब. अर्थिंगची पट्टी?”

पुतण्या गाडीकडे निघाला. मिस्त्री ओरडले, “तिची काढू नकोस रे! नवीन आण.”